बॉनेटवरचा तळहात

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आज सकाळी तुमची शाळा भरण्यापूर्वी मी एकटीच, ड्रायव्हरशिवाय, साऱ्या शहराला चक्कर मारून आले. वाटेत एका हवालदाराने मला सलामही ठोकला. नका ठेवू विश्वास. संशयी माणसं मला आवडतात. माझं नशीबच एका बाईंच्या संशयामुळे फिरलं.

तुमच्या मैदानाच्या कोपऱ्यात येण्याआधी मी साखरशेठच्या दुकानात होते. जुन्या गाड्या विकणारा हा माणूस इतका गोड बोलायचा की त्याच्या खुर्चीला मुंग्या लागायच्या. माझं दुखणं त्याला पक्कं ठाऊक होतं. माझं इंजिन आतून झिजलेलं. गार असताना मी खोकायचे, पांढरा धूर सोडायचे आणि दोन हातांवर जाऊन बंद पडायचे. एकदा तापले की मात्र घोड्यासारखी धावायचे. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी शेठ मला मागच्या गल्लीत पळवून आणायचा, पुसायचा आणि जसं काही झालंच नाही अशी छपराखाली उभी करायचा.

एके दिवशी एक सुईणबाई आल्या. बाळंतिणींच्या घरी वेळेवर पोचायला त्यांना गाडी हवी होती. त्या माझ्याभोवती फिरल्या आणि जन्माच्या सवयीने त्यांनी माझ्या कपाळावर, म्हणजे बॉनेटवर, तळहात ठेवला.

"हिला ताप आहे का हो?"

"ऊन लागलंय, ताई."

"छपराखाली?"

"आत्ताच सावलीत घेतली. अहो, गाडी आहे, पोर नव्हे! बसा, चालवून बघा."

त्यांनी चालवली. मी अर्थातच घोड्यासारखी धावले. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती, पण गरज मोठी होती. 'गाडी आहे तशी घेतली' या ओळीखाली त्यांनी सही केली.

पहिल्याच थंड सकाळी पाववाल्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. मी एवढा धूर सोडला की एक कावळा उलटा, शेपटीकडून उडत घरी गेला. मग मी फाटकातच बसकण मारली. बाई धावत सुटल्या, पण बाळ त्यांच्या आधी पोचलं होतं. मायलेक सुखरूप होती, तरी बाईंना घोर लागला. पुढचं मूल आडवं आलं तर?

त्या तशाच शेठकडे गेल्या. "गाडी बंद पडते. परत घ्या."

"तुमच्या पायाला सवय नाही, ताई. आणि सही केलीत ना? आहे तशी!"

बाईंची नणंद वकील होती. दूधसुद्धा दोनदा हुंगून पिणारी.

"वहिनी, कुठल्या मिस्त्रीला हात लावू दिलास?"

"नाही, वन्सं."

"छान. देऊही नकोस, नाहीतर शेठ म्हणेल, त्यानेच बिघडवली. आणि सहीला काय घाबरतेस? सही वरून दिसणाऱ्या खोडीसाठी. माहीत असून त्याने आतलं लपवलं असेल, तर गाडी परत करायचा तुला हक्क आहे. फक्त त्याला माहीत होतं हे दाखवायला हवं."

"तो कबूल करतोय होय!"

"गाडी केव्हा बंद पडते ते सांगितलंस त्याला?"

"बंद पडते, एवढंच म्हटलं."

"मग 'गार' हा शब्द आता तोंडातून काढायचा नाही. मीही तक्रारीत लिहीत नाही."

तक्रार ग्राहक मंचात गेली. सुनावणीच्या आदल्या दिवशीच मला ओढत नेऊन तिथल्या अंगणात उभं केलं. सकाळी माझ्या काचेवर दव होतं.

"बाईसाहेब, मला शपथेवर काही माहीत नव्हतं," शेठ आत म्हणाला. "माझ्याकडे होती तेव्हा केव्हाही एका दमात सुरू व्हायची."

"मग चला खाली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सुरू करून दाखवा."

शेठ अंगणात आला. त्याने माझ्या काचेवरचं दव पाहिलं आणि हात सवयीनेच किल्लीकडे गेला.

"एक मिनिट हं, बाईसाहेब. आधी जरा तापवून घेतो, मग बघा तुम्ही."

माझी तर हवाच सुटायची बाकी होती.

"तापवायची कशाला, शेठ?" नणंदबाईंनी विचारलं. "एका दमात सुरू होते ना?"

"आणि तापवावी लागते," अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? तक्रारीत तर कुठेच नाही."

शेठच्या तोंडातली साखर तिथेच विरघळली. मला परत घ्यायचं आणि बाईंचे पैसे द्यायचे, असा निकाल लागला. बाईंनी दुसरी गाडी घेतली, तीही आधी तळहात ठेवून, गार असताना सुरू करायला लावून. शेठने मला तुमच्या शाळेला खेळायला विकलं. या वेळी काचेवर त्यानेच खडूने लिहिलं होतं, 'ही चालत नाही.'

मित्रांनो, जुन्या जिवाला दुखणं असायचंच. त्याला जपा, पण ते लपवू नका. आणि कुणी लपवलं, तर आपल्या हक्कासाठी भांडायला लाजू नका. 'ही चालत नाही' म्हणे! आज सकाळीच तर साऱ्या शहराला...

इतक्यात सुईणबाईंची नात माझ्या स्टिअरिंगवरून खाली उतरली. पुढे आली. आजीसारखाच तिने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"ए थापाडे! गारढोण आहेस की!"