न पडलेलं टिंब

पेन्सिलच ती. बोटभर उरलेली, मागचा रबर चावून चपटा झालेला, आणि टोक इतकं धारदार की कोटाच्या खिशात हात घालताच टोचलं. ही इथे कशी? तिनं ती तळहातावर घेऊन पाहिली... हिची जागा स्वयंपाकघरातल्या टेबलावर, नाहीतर मास्तरच्या कानामागे; बारा देशांचे प्रतिनिधी ज्या दाराआड बसलेत, त्या दाराबाहेरच्या या गुळगुळीत बाकावर हिचं काय काम? अजून वीस मिनिटं होती. मग आत जायचं, भाषण वाचायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सर्वोच्च पद तिला द्यायचं की नाही, ते त्या बारा जणांनी ठरवायचं.

मास्तर म्हणजे नवरा. तिच्या बदल्यांपायी चार शहरांत चार शाळा बदललेला, आणि प्रत्येक ठिकाणी पहिलीचाच वर्ग मागून घेतलेला. कारण म्हणे, मोठी मुलं अर्थतज्ज्ञांसारखी वागतात, प्रश्न ऐकायच्या आधीच उत्तर तयार. सत्तावीस वर्षांत तिचं एकही भाषण त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय घराबाहेर पडलेलं नाही. तो मोठ्यानं वाचणार, ती चहा पीत ऐकणार, आणि जिथे तो अडखळेल तिथे समासात पेन्सिलीचं एक टिंब. बाकी चकार शब्द नाही. "तुझ्या अर्थशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही बाई," तो म्हणायचा, "पण जीभ कुठे अडते ते कळतं." आणि टिंब पडलं की त्या वाक्यात कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला कळायचं.

आज सकाळी एकही टिंब पडलं नाही. काय खूश झाली होती ती! उठून त्याच्या टकलावर ओठ टेकवले होते.

आता तिनं पानं उलटली. पान तिसरं. ‘छोट्या दवाखान्यांच्या एकत्रीकरणामुळे सेवेचा दर्जा सुधारला, रुग्णांच्या प्रवासात सरासरी अवघ्या चार किलोमीटरची वाढ झाली.’ एकोणीस वर्षांपूर्वीची तिची योजना. छोटे दवाखाने बंद करून एकच मोठं रुग्णालय... याच कामावर तर ती इथवर आली. हे वाक्य मास्तरनं सकाळी वाचलं तेव्हा — तिनं डोळे मिटले — आवाज कसा होता त्याचा? सरळ. एकदम सुळसुळीत. पण मास्तर असा वाचतच नाही, तो पहिलीतल्या पोरांसारखा शब्दाशब्दाला दम खात वाचतो... पाठ केलं होतं त्यानं हे वाक्य! मी आंघोळीला गेले तेव्हा बसून घोकलं असणार, लबाडानं.

कारण एका सुईणीची गोष्ट त्यालाही ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी ती योजनेचं यश पाहायला गेली होती, तेव्हा त्या म्हाताऱ्या सुईणीनं बंद दवाखान्याच्या पायरीवर आपली शाल अंथरून तिला बसवलं, आणि अगदी मायेनं म्हणाली, "ताई, तुमचा अहवाल मी वाचून घेतला हो. सरासरी चार किलोमीटर. पण तुमच्या त्या सरासरीला कधी कळा आल्या नाहीत. इथून रुग्णालय एकतीस किलोमीटर आहे. दोघी वाटेतच गेल्या." रागावली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तिनं मास्तरला सगळं सांगितलं, एकदाच, रडत. मग बैठका आल्या, दौरे आले... वाक्य होतं तिथेच राहिलं. दर भाषणात मास्तर त्या ‘अवघ्या’शी अडखळला, दर वेळी टिंब दिलं, आणि दर वेळी तिनं ते वाक्य जरा घासूनपुसून परत जागेवर ठेवलं.

मग आजच का नाही? पद मिळावं म्हणून? त्याला सांगितलं होतं कुणी? चार शाळा सोडल्या माझ्यासाठी, मी कधी म्हटलं होतं सोड म्हणून — म्हटलं होतं. चारही वेळा म्हटलं होतं. तिला राग आला, पण तो टिकेना. ज्या माणसाला वर्गातल्या पोराला खोटं ‘शाब्बास’ म्हणता येत नाही, त्यानं तिच्यासाठी खोटं वाचलं होतं. आणि वर ही पेन्सिल, टोक करून, तिच्या खिशात.

तिनं फोन लावला.

"मास्तर, पेन्सिल."

"सापडली होय?" मागे पोरांचा गलका.

"का नाही अडखळलास?"

पलीकडे शाळेची घंटा वाजली.

"अगं, मधली सुट्टी संपली माझी," तो म्हणाला. "पोरं थांबलीत." मग, "नीट जा आत." आणि फोन ठेवून दिला, गुलामानं.

दार किलकिलं झालं. सहायक बाई म्हणाल्या, "मॅडम, बोलावलंय."

"आले." पण ती उठली नाही. पान तिसरं डोळ्यांसमोर धरून, ओठांतल्या ओठांत तिनं वाचलं... ‘सरासरी अव—’ जीभ अडली. तिची स्वतःची. पुन्हा वाचलं, पुन्हा तिथेच. तिनं समासात टिंब दिलं. टिंब जरा मोठंच पडलं.

हे वाक्य काढलं तर काय उरतं, ते तिला माहीत नव्हतं. त्या दोघींबद्दल आत बोललं तर पद हातचं जाणार, हे मात्र दिसत होतं, आणि पद हवं होतं, अजूनही, खूप हवं होतं. सवयीनं पेन्सिल कानामागे खोचून ती उठली... त्याची सवय, माझी कुठली... आणि दाराकडे चालताना तिच्या ध्यानात आलं की, कितीतरी वर्षांनी, पान तिसरं आल्यावर आपण काय बोलतो ते तिला ऐकायचं होतं.