नांगरामागचं बोलणं

धानोऱ्याच्या अलीकडे नदीकाठच्या भिल्ल वस्तीत ख्रिस्ती मंडळी होती जेमतेम चाळीस माणसांची. पण तिच्यात जालमसिंगसारखा साक्ष देणारा माणूस होता, आणि त्याचा अभिमान खुद्द जालमसिंगपेक्षा त्याच्या बायकोला, फुलवंताबाईला, जास्त होता. दर माघात नदीवर नव्या लोकांचा बाप्तिस्मा व्हायचा. ते पाण्यात उतरण्याआधी जालमसिंगने आपली गोष्ट सांगायची, ही चोवीस वर्षांची वहिवाट. फुलवंताबाईला ती तोंडपाठ होती. तो कुठे थांबणार, कुठे बायका डोळ्याला पदर लावणार, हे तिला आधीच ठाऊक असायचं, आणि नेमक्या तिथे ती शेजारणीकडे बघून घ्यायची. ऐका म्हणावं, हा माझा नवरा.

गोष्ट होतीही तशीच. सन बाराच्या माघात पाच जण बाप्तिस्म्याला निघाले. काठावर वस्तीचे पंच काठ्या घेऊन उभे. चौघांनी पाय मागे घेतला, जालमसिंग एकटा पाण्यात शिरला. मग वस्तीने विहीर बंद केली, आणि तीन वर्षं वाळूत झिरा खोदून त्याने तहान भागवली. एवढंच एक तो कधी सांगायचा नाही, की त्या दिवशी फुलवंताबाईही पंचांच्याच बाजूला उभी होती, कडेवर तान्हा गोवाल आणि नाकावर राग घेऊन. तेवढं तो पोटात ठेवायचा. त्यासाठी तो तिला दुप्पट आवडायचा.

यंदा, सन छत्तीसच्या माघात, पाण्यात उतरणाऱ्यांत रमिलाबाई होती. तरणी विधवा. बाप्तिस्मा घेतलास तर परत उंबरा चढू नकोस, असं सासऱ्याने तिला सकाळीच बजावलं होतं. जालमसिंगने लाल फेटा नीट केला, गोष्ट सांगितली, नेहमीच्या जागी थांबला. पाळक प्रेमचंद आता पाण्याकडे वळणार, तोच रमिलाबाईने विचारलं, “मंग पुढे काय व्हयनं, बाबा?”

“मंग तीन वरीस झिराना पानीवर काढात,” जालमसिंग म्हणाला.

“त्यानापुढे?”

“प्रार्थनाघर बांधं.”

“ते माले माहीत शे. देवनं सांगा. पानीमाईन निंघावर तो संगे ऱ्हास का? आज संध्याकायले माले घर नही. माले भेव लागस.”

फुलवंताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ही कालची पोरगी, आणि हिने माझ्या नवऱ्याची उलटतपासणी घ्यावी? आता तो दोन शब्दांत हिला गप्प करील म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं. जालमसिंग फेट्याचं टोक चाचपत नदीकडे बघत होता.

तेव्हा तिला आठवलं. त्या पहिल्या वर्षी जालमसिंग नांगरामागे चालताना देवाशी मोठ्याने बोलायचा. गाईच्या सुजलेल्या पायाबद्दल, बियाण्याबद्दल, अगदी बाजूने चालणाऱ्या माणसाशी बोलावं तसं. याला वेड लागलं म्हणून ती बांधाआड लपून ऐकायची. एकदा तो म्हणाला होता, “ती मन्हावर रागे भरस, देवा, पन तिन्हं काही चुकत नही.” त्या दिवशी तिचा राग गेला, आणि पुढच्या माघात तीही पाण्यात उतरली. मग मंडळी वाढली, तो तिचा वडील, म्हणजे पुढारी झाला, डोक्यावर फेटा आला. नांगरामागचं बोलणं कधी थांबलं, हे तिला सांगता आलं नसतं. त्या मोठ्या साक्षीच्या भरात तिनेही कधी विचारलं नव्हतं, की मग पुढे काय.

जालमसिंगने फेटा काढून तिच्या हातात दिला.

“बाई, पुढलं मन्हाकडे काहीच नही,” तो रमिलाबाईला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “देव संगे ऱ्हास. मीच त्याले सोडीसन त्यानी गोष्ट सांगत बसनू.” मग प्रेमचंदला म्हणाला, “मन्हा बाप्तिस्मा व्हयेल शे. पन आज इन्हासंगे पानीमा उभं ऱ्हाऊ द्या.”

गार पाण्यात तो कंबरेएवढा उतरला. एरवी त्याची प्रार्थना लांबलचक, पल्लेदार असायची. आज तो एवढंच म्हणाला, “देवा, मी जालमसिंग. पहिलेसारखा मन्हासंगे चाल.” आणि चारचौघांत रडला.

“यंदा जालमसिंगना फेटा उतरना,” भीमसिंग फुलवंताबाईच्या मागे कुजबुजला. सन बाराला माघारी फिरलेल्या चौघांपैकी हा एक. मंडळीत आला तो आठ वर्षं उशिरा.

फुलवंताबाई फेटा छातीशी धरून वळली. “दोन्ही डाव तोच उतरना,” ती म्हणाली. “तू दोन्ही डाव काठवरच.” इतका अभिमान तिला चोवीस वर्षांत कधी वाटला नव्हता, आणि तो लपवायची तिला गरजही वाटली नाही.

बाप्तिस्मा घेतलेल्या रमिलाबाईने ती रात्र पाळकाच्या घरी काढली. दुसऱ्या दिवशी न्याहारी घेऊन फुलवंताबाई शेताकडे निघाली, तर बांधापासूनच आवाज ऐकू आला. बैल नवे होते, त्यांना याची सवय नव्हती. धनी आपल्यालाच काही सांगतोय असं वाटून ते दर चार पावलांवर थांबत होते आणि जालमसिंग त्यांना चुचकारून पुन्हा बोलायला लागत होता.

“गोठाजवळनी खोली रिकामी शे, देवा,” तो म्हणत होता. “रमिलाबाईले तठे ठेवतू. पन गोवालनी माय काय म्हनी, ते तूच सांग.”

फुलवंताबाई या खेपेला लपली नाही. “हाव म्हनस,” ती बांधावरून ओरडली, आणि भाकरी पदराखाली झाकून त्याचं बोलणं संपायची वाट बघत बसली.