तुमचीच समजा

मित्रांनो, मी वाऱ्यातून जन्मलेली वाघीण आहे! माझ्या गर्जनेने वाळवंट थरारते आणि...

थांबा. हे खोटे झाले. पुन्हा सांगते.

मी एक नवी गाडी आहे. आत्मवृत्त जुन्या गाड्यांनी सांगावे, त्यांना ते शोभते. माझ्या आसनांवरचा प्लॅस्टिकचा कागद तर पुष्कळ दिवस निघालाच नव्हता. आमच्या कुवेतमध्ये बरेच लोक तो काढत नाहीत. कागद आहे तोवर गाडी नवी, आणि नवी आहे तोवर विकताना भाव चांगला. म्हणजे मला घेतले त्याच दिवशी मला विकायची तयारीही झाली होती.

कारखान्यात मी कशी दिसावी यावर फार खल झाला. माझ्या दोन्ही कुशींना हवा आत घेण्याच्या जाळ्या आहेत. त्यांच्यामागे काळे प्लॅस्टिक आहे. हवा येते, आपटते आणि परत जाते. माझी गर्जनाही इंजिनाची थोडी आणि आसनामागच्या स्पीकरची फार. हे कोणाला ठाऊक नव्हते तोवर मी ताठ मानेने हिंडले.

मला दुऐजने घेतले. त्याचे वडील गाड्यांचे वेडे. थोरल्या मुलाच्या नावावरून त्यांना सगळे बू दुऐज, म्हणजे दुऐजचे वडील, म्हणतात. संध्याकाळी त्यांच्या दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, मित्र जमतात, चहा फिरतो आणि गप्पा गाड्यांवर येऊन थांबतात. मी पहिल्यांदा भिंतीबाहेर उभी राहिले तेव्हा आतून त्यांचाच आवाज येत होता.

"हल्लीच्या गाड्या? डोळे वटारलेल्या, ओठ फुगवलेल्या! लग्नाला निघाल्यात की भांडायला, काही कळत नाही. आणि वजन बघ! बंद पडली तर ढकलायला अख्खी दिवाणिया लागेल. मोल घोड्याचं आणि चाल उंटाची!"

"उंटाला मध्ये आणू नकोस," त्यांचा मित्र मर्झूक म्हणाला. "उंट बिचारा स्वतःच्या गळ्यानं ओरडतो."

सगळे हसले. माझे दिवे बंद होते ते बरे झाले.

मग दुऐजने सर्वांना बाहेर आणले. बू दुऐजांनी माझ्याभोवती फेरी मारली आणि कुशीच्या जाळीत बोट घातले. बोट प्लॅस्टिकला अडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, जमीन दुभंगावी असे वाटते म्हणतात, ते मला त्या क्षणी कळले.

पण समोर मुलगा उभा होता, चार लोकांत, आशेने बघत. बू दुऐज म्हणाले, "माशाल्ला! काय देखणी गाडी आहे!"

थोरल्यांनी वस्तूची तारीफ केली की आमच्याकडे उत्तर ठरलेले असते.

"तुमचीच समजा, बाबा."

यावर "तुलाच लखलाभ होवो" म्हणायचे आणि चहाला वळायचे, एवढीच रीत. ते म्हणणारही होते. तेवढ्यात मर्झूकने काडी घातली.

"घे ना! का रे, पोराची गाडी पसंत नाही वाटतं?"

आता नाही म्हणणे म्हणजे खरे सांगणे झाले असते. बू दुऐजांनी किल्ली घेतली. आणि रिकाम्या हाताने घ्यायचे कसे? त्यांनी खिशातून आपल्या जुन्या गाडीची किल्ली काढून मुलाच्या हातात ठेवली.

तिला मी थोरली म्हणते. हिरवी, बुटकी, गोल दिव्यांची, दोघांपुरती. तिच्या जाळीत बोट घातले तर ते थेट रेडिएटरला लागते. छपराखालची सावली तिची होती. ती मला मिळाली आणि ती उन्हात गेली. दुपारभर मी तिच्याकडे बघू शकत नसे.

दुऐज तिला रोज बाहेर काढी. त्याला क्लच जमत नसे. गिअर करकरला की दिवाणियात बू दुऐजांचा पेला ओठांशी थबके. पण दिलेल्या वस्तूबद्दल बोलायचे कसे? आणि मुलाला वाटे, बाबांनी प्रेमाने दिली आहे, परत कशी करायची?

एकदा बू दुऐज मला सहकारी भांडाराच्या गल्लीतून नेत होते. उभ्या गाड्यांच्या आडून एक बाई भरलेली ढकलगाडी घेऊन अचानक समोर आली. त्यांनी पाय दाबला. मी जागच्या जागी थांबले. ढकलगाडीतले कलिंगड मात्र घरंगळत आले आणि माझ्या नाकाला टेकले.

"डोळे घरी ठेवून आलात का?" बाई ओरडली.

"चुकलं, बहिणी, चुकलं." त्यांनी उतरून कलिंगड उचलून दिले. परत आत बसून त्यांनी पट्टा लावला. मग हळूच म्हणाले, "थोरली थांबली नसती."

हो, तेही तिला थोरलीच म्हणाले.

त्याच संध्याकाळी मर्झूक बाहेर थोरलीपाशी रेंगाळला. "माशाल्ला, दुऐज, अशी गाडी आता बनत नाही रे."

दुऐजने तोंड उघडले. शब्द ठरलेलेच होते. "तुम—"

"थांब!"

बू दुऐज दारात उभे होते. पाहुण्यांसमोर असे ओरडणे त्या घरात कधी झाले नव्हते. त्यांचा चेहरा शरमेने लाल झाला होता.

"देऊ नकोस. हा मर्झूक खरंच घेऊन जाईल. आणि... मी तुझ्याशी खोटं बोललो, बाळा. त्या गाडीच्या जाळ्या बंद आहेत. बोट घातलं तेव्हाच कळलं होतं. आवाजही डब्यातला आहे. मला ती आवडली नव्हती."

दुऐज माझ्याकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने पोटरी चोळली. "बाबा, खरं सांगू? थोरलीच्या क्लचनं माझा पाय मोडायचा बाकी राहिलाय."

आधी मर्झूक हसला. "वा! दोघं सभ्य माणसं, आणि मधल्या मधे गाड्यांचे हाल!"

किल्ल्या फिरून आपापल्या खिशात गेल्या. जाता जाता बू दुऐजांनी माझ्या छतावर हात ठेवला.

"पण हिचे ब्रेक खरे आहेत, दुऐज. तिथे लबाडी नाही. आणि तो कागद काढ रे. विकायला बसलायस की चालवायला?"

मित्रांनो, कोणाचे मन राखायला खोटे कौतुक करू नका. त्याने मन राखले जात नाही, आणि उन्हात तिसरेच कोणी उभे राहते. माझ्यासारखी कोणी भेटली तर जाळीत बोट जरूर घाला. मग थोडे पुढेही शोधा. काहीतरी खरे सापडेल, तेवढेच सांगा.

थोरली पुन्हा सावलीत आहे. दुऐजने माझा स्पीकरचा आवाज बंद केला आहे. माझा स्वतःचा आवाज फार लहान निघाला. आता मी तोच करते.