पडद्यावरचा पत्ता

पंकज साळवे जे विकायचा ते एका सीडीवर मावायचं, पण समजावून सांगायला त्याला तासभर लागायचा. विज्ञानाच्या शिक्षकानं कॉम्प्युटरवर स्वतःचा धडा तयार करायचा, चित्रं हलवायची, आवाज भरायचा आणि पुढंमागं शाळेत इंटरनेट आलं की तोच धडा जगात कुणालाही उघडता येणार. प्रोग्राम लिहिला होता त्याच्या मित्रानं, अमृतनं. भिंगारच्या बाजारात एका दुकानावरच्या खोलीत दोघांचं ऑफिस होतं. १९९८ सालची गोष्ट. बहुतेक हेडमास्तर सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, यात निकालपत्रकं होतात का.

नमुन्याचा धडा पंकजच्या धाकट्या बहिणीनं केला होता. प्रज्ञा नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. झाडात पाणी वर कसं चढतं, यावरचा बारा मिनिटांचा धडा, आवाज तिचाच. शेवटच्या पडद्यावर तिनं हट्टानं घरचा पत्ता घातला होता. प्रश्न पडला तर मला लिहा, प्रज्ञा साळवे, भिंगार. ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली.

"दुसऱ्या कुणाचा तरी आवाज भरू," अमृत म्हणाला. पंकज हो म्हणाला, पण ते काम त्यानं केलं नाही. पिशवीत सीडी आणि छोटे स्पीकर घालून तो गावोगाव फिरत राहिला, आणि रोज कुठल्या ना कुठल्या शाळेत प्रज्ञा बोलत राहिली.

नोव्हेंबरात तो काष्टीच्या एका शाळेत गेला. विज्ञानाच्या माधुरीबाईंनी आठवीच्या मुलींनाही कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं. धड्यात एके ठिकाणी प्रज्ञानं प्रश्न विचारून चार सेकंद जागा सोडली होती. त्या जागेत आजवर पंकजला पंख्याची घरघरच ऐकू आली होती. इथं मुलींनी उत्तर दिलं, सगळ्यांनी एकदम.

"अगदी बरोबर," प्रज्ञा म्हणाली.



"कोण हो या बाई?" माधुरीबाईंनी विचारलं. "एकदा पाठवाल का आमच्याकडं?"

"पाठवतो की," पंकज म्हणाला. शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

शाळेनं सीडी घेतली. पंधरा दिवसांनी दिशा नावाच्या मुलीचं अंतर्देशीय पत्र आलं. आमच्या शाळेतल्या लिंबाच्या शेंड्याला पाणी पोचायला किती वेळ लागतो, बाई? पंकजनं पत्र ट्रंकेत टाकलं. तीन दिवस ते त्याच्या डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी त्यानं प्रज्ञाच्या वह्या काढल्या, उत्तर शोधलं, लिहिलं आणि खाली सही केली, प्रज्ञा.

मग पत्रं येतच राहिली. त्यात विज्ञान कमी आणि घरचं जास्त येऊ लागलं. दिशानं आईच्या आजारपणाबद्दल लिहिलं. पंकजनं धीर दिला, तोही प्रज्ञाच्याच नावानं. एक दिवस अमृत टेबलावरचा कागद उचलून म्हणाला, "प्रज्ञाचं हे जुनं पत्र का बाहेर काढलंस?" कागदावरची शाई अजून ओली होती. पंकजनं आपलं अक्षर निरखून पाहिलं. तसा झ त्यानं जन्मात कधी काढला नव्हता.

फेब्रुवारीत एका दुपारी तो घरी आला तेव्हा कलाबाई, त्याची आई, मांडीवर पत्र घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"पोस्टमननं पोरीच्या नावानं हाक मारली," ती म्हणाली. "मी व्हय म्हनले."

"आई, मी सांगणार होतो."

"तिच्या नावानं तू लिवतोस?"

 कलाबाईनं पत्र पुढं केलं. दिशानं विज्ञान प्रदर्शनाचं बोलावणं धाडलं होतं. तुमचा आवाज आम्ही ओळखतो, बाई, तोंड अजून पाहिलं नाही. कधी येणार?

"जाऊ आपन," कलाबाई म्हणाली. "मी येते."

काष्टीला शाळेच्या फाटकापाशी माधुरीबाई उभ्या होत्या. कलाबाईला नमस्कार करून त्यांनी मागच्या रस्त्याकडं पाहिलं, अजून कुणी येतंय का म्हणून. पंकजनं त्यांना व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

 "दिशानं आईबद्दल लिहिलं होतं," माधुरीबाई म्हणाल्या. "ते तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"आता वर्गात तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

त्यानं सांगितलं. एकही मुलगी रडली नाही. दिशा पहिल्या बाकावर होती. ती उठली.

"बाई बरोबर म्हणाल्या, ते आधीच भरलेलं होतं?"

"हो."

"आमी चुकलो असतो, तरी?"

"तरी."

ती खाली बसली आणि तिनं मान दुसरीकडं वळवली.  तेव्हा कलाबाई खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसली.

"जित्ती असती तर बरोबर न्हाई म्हनली असती," ती हळू म्हणाली. "मला सुदिक सोडायची न्हाई. लई चुका काढायची."

दिशानं तिच्याकडं पाहिलं. "कसल्या?"

"चुलीला फुकनी कशी धरायची, ते शिकवायची मला."

दोन-तीन मुली हसल्या. दिशा हसली नाही, पण कलाबाईच्या शेजारून उठलीही नाही. 

काष्टीची पत्रं थांबली. अमृतनं पत्ता काढून टाकायचं ठरवलं, पण सीडीच्या नकला कुठं कुठं पोचल्या होत्या कोण जाणे. जूनमध्ये पोस्टमननं पुन्हा प्रज्ञाच्या नावानं हाक मारली. अकोले तालुक्यातल्या कुठल्याशा शाळेतलं पत्र होतं. कलाबाईनं ते सावकाश वाचलं आणि पंकजसमोर ठेवलं.

"लिव," ती म्हणाली. "पर तुज्या नावानं."

त्यानं लिहिलं की मी प्रज्ञाचा भाऊ, ती आता नाही. पुढच्या प्रश्नाचं उत्तर मात्र वह्यांत कुठंच सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र खिशात घालून तो प्रज्ञाच्या शाळेत गेला, ती गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि विज्ञानाचे सर कुठं भेटतील म्हणून शिपायाला विचारलं.