सत्यशीलाची बशी

काचेची बशी खिडकीच्या उजेडात धरून काकासाहेब पाहत होते, पण डोक्यात सत्यशीलाचं पत्र होतं. वर्ष झालं, त्यांनी उत्तर पाठवलं नव्हतं.

“आलं का तुमचं कडं?” कौसल्याबाईंनी विचारलं. “मंग माझा कुकर मोकळा करा. साऱ्या जालन्यात बाया कुकरमधी वरण लावतेत, अन् माझ्या घरी जंतूंचं खाणं शिजून राह्यलं.”

“आलं,” ते हळूच म्हणाले. “तिसऱ्यांदा.”

दहा वर्षांपूर्वी काकासाहेब कॉलेजात शिकवत होते, तेव्हा त्यांची विद्यार्थिनी सत्यशीला हिच्या बशीत मातीतले दोन जिवाणू एकमेकांना चिकटून वाढले होते. बशीभर रोगजंतू पेरलेले. पण या दोघांभोवती ते उगवलेच नव्हते, तिथं स्वच्छ कडं पडलं होतं. बाहेरचे जंतू शिरून ‘भेसळ’ झाली, म्हणून काकासाहेबांनी बशी बादलीत टाकायला लावली. सगळे गेल्यावर तीच बाहेर काढली, दोघांना वेगवेगळं वाढवलं. कडं पडलं नाही. त्यांना बरं वाटलं. तरी दोघांना त्यांनी दोन नळ्यांत जपलं, दर वर्षी नव्या खाण्यावर उतरवलं. पत्र आल्यावर त्यांनी दोघांना पुन्हा एकत्र वाढवलं, तेव्हा कळलं: एकमेकांचा शेजार असल्याशिवाय ते रोगजंतू मारणारं औषध तयारच करत नव्हते.

हे सगळं लिहून नऊ पानं झाली होती. कौसल्याबाईंनी ती चष्मा लावून वाचली.

“पण हे तिनं इचारलंच न्हाई की.”

“मुद्दा तोच आहे.”

“हा बघा मुद्दा.” त्यांनी सत्यशीलाच्या पत्रावर बोट ठेवलं. ‘सर, भेसळ सहा जणांच्या बश्यांत झाली होती. बाकीच्यांना तुम्ही पुन्हा करायला लावलंत. मलाच म्हणालात, हे तुझं काम नाही. का?’

काकासाहेब चष्मा पुसत राहिले. वर्गात भीमनगरातून येणारी ती एकटीच होती.

“मी तसला माणूस नाही.”

“मी कुठं काय म्हणले? इचारलं तिनं.”

दुपार कलली तेव्हा नऊ पानांवर एक चिठ्ठी आली होती: ‘सत्यशीला, तुझी बशी बरोबर होती. तू विचारलंस त्याचं उत्तर असं: बाकीच्यांची चूक झाली, असं मला वाटलं. तुझी चूकच होणार, हे मी धरून चाललो होतो.’

पाकिटावर ती शिकवत होती त्या भोकरदनच्या शाळेचा पत्ता होता. तिच्या उत्तरासाठी आत आणखी एक पाकीट होतं, तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं. टपालपेटीपाशी त्यांनी अजून न चिकटवलेलं पत्र उघडलं. तिच्यावर उत्तराचं ओझं नको म्हणून आतलं पाकीट काढून त्यांनी खिशात घातलं, आणि पत्र चिकटवून पेटीत टाकलं.