चिकण मातीत वाळू

दिवसभर नर्सरीत मी लोकांना माती समजावते. ओली माती मुठीत दाबा. लांब वळी वळली तर चिकण, भुगा झाला तर रेताड, आणि मधली निघाली तर नशीब काढलंत. हे मला आईने शिकवलं. धाकट्या भावाला शिकवायला गेली की तो हात धुवायला पळायचा.

आईने घर त्याच्या नावावर केलं तेव्हा मी म्हटलं, मला विचारायचं तरी. तर हा चार नातेवाइकांसमोर म्हणाला, "माती विकणाऱ्यांनी घरातलं बोलू नये." आईने त्याला टोकलं नाही. त्यानंतर दोन वर्षं मी तिकडे फिरकले नाही.

मग एक दिवस हेच साहेब नर्सरीत हजर. आईने अंथरूण धरलं होतं. खिडकीखालचे तिचे गुलाब पिवळे पडत होते, आणि तिला दिवसभर दुसरं काही बघायला नव्हतं.

"ताई, माती चिकण आहे, पाणी साचतं. वाळू मिसळली तर मोकळी होईल ना?"

असं सगळ्यांनाच वाटतं. पण चिकण मातीत थोडीफार वाळू गेली, की सगळं विटेसारखं घट्ट बसतं आणि मुळं गुदमरतात. अशा मातीला कुजलेला पालापाचोळा लागतो. त्याच सकाळी एका परक्या बाईला मी हे अर्धा तास सांगितलं होतं.

"टाक की," मी म्हटलं. "तुला कळतंच सगळं."

तो वाळूची पोती घेऊन गेला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दोन महिन्यांनी भावजयीचा फोन आला. "ताई, आई तुमची फार आठवण काढतात. येऊन जा."

गेले. खिडकीबाहेर नुसत्या काड्या उभ्या होत्या. आईने वाफ्यातलं एक ढेकूळ मागवून घेतलं होतं, ते तिने माझ्यापुढे धरलं. बोटांनी ते फुटेना.

"वाळू घातली गं यात. कुणी सांगितलं याला?"

धाकटा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "माझ्या मनानेच टाकली."

"बहिणीला एकदा विचारायचं होतंस. तिने माझे गुलाब मरू दिले नसते."

"चुकलं माझं, आई."

आईने माझा हात धरून ठेवला होता. मी तोंड उघडलं नाही.