युरोपियमची बाटली

संचालकांना चकाकणारं काहीतरी हवं होतं. शुक्रवारी पाहुणे येणार, धातूंचं नवं दालन उघडणार, आणि पहिल्याच कपाटात तेलाची मळकट बाटली? काढा ते तेल, म्हणाले.

त्या बाटलीत बाबांचा युरोपियम होता. किनाऱ्यावरच्या जड, काळपट वाळूतून माझ्या वडिलांनी याच प्रयोगशाळेत अकरा वर्षं खपून वेगळा केलेला, बोटाच्या पेराएवढा तुकडा. पोतंभर वाळू पालथी घालावी तेव्हा कुठे त्यातला चिमूटभर हाती लागतो. शिवाय हवेला इतका हळवा, की तेलाबाहेर ठेवला की गेलाच. दुर्मीळ धातूंवर भाषणं ठोकणाऱ्या माणसाला हे सांगायची वेळ माझ्यासारख्या भांडारपालबाईवर यावी, याचाच मला संताप आला होता. तीनदा लेखी दिलं. तिसऱ्या कागदावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

"सोनं कुणी तेलात ठेवतं का हो?" त्यांनी विचारलं, आणि बैठकीतले सगळे हसले.

सोमवारी शिपायाने तुकडा पुसून चाकूने खरवडला. आतून चांदीसारखा लख्ख निघाला तसे साहेब खूश झाले. मी दातओठ खात कपाटाला कुलूप लावलं. मंगळवारी तो काळवंडला. बुधवारी त्याला तडे गेले. मी रोज साहेबांच्या दारात जाऊन भांडत होते, आणि ते रोज कामात होते.

शुक्रवारी बाबा आले. सत्कार त्यांचाच होता. इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून तयार बसले होते. कपाटात काचेच्या बशीवर पिवळट भुगा होता.

"मुळात धातूच अशुद्ध असणार," संचालक पाहुण्यांना म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर मी त्यांचा पाणउतारा केला. तिन्ही पत्रं, तिन्ही तारखा घडाघडा सांगितल्या. मग बाबांकडे वळले. वाटलं, आता तरी ते काही बोलतील त्या माणसाला.

बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"कपाटाची चावी कुणाकडे होती?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्याकडे."

"आणि तेल?"

तेलाचा डबा माझ्याच भांडारात होता, खालच्या फळीवर, भरलेला.